जुनी वाट, शेतमालकाची संमती आणि मेटल डिटेक्टर

मेटल डिटेक्टर हाती आला की यंत्र शिकायला फारसा वेळ लागत नाही. माहितीपुस्तिका नीट वाचली, अंगणात वेगवेगळ्या खोलीवर नाणी, खिळे आणि बाटल्यांची झाकणे पुरून सराव केला, की कोणता आवाज कशाचा हे कानाला कळू लागते. खरा प्रश्न त्यापुढे उभा राहतो: हे यंत्र घेऊन जायचे कोठे? मला त्याचे उत्तर दोन टप्प्यांत मिळाले. चांगली जागा कोणती, हे जुन्या नकाशांनी आणि जुन्या माणसांनी सांगितले. ती जागा प्रत्यक्ष पायाखाली आली ती मात्र परवानगी मागण्याच्या आणि मिळालेल्या परवानगीला जागण्याच्या पद्धतीमुळे. जागेचा शोध आणि या छंदाचे शिष्टाचार ही दोन वेगळी प्रकरणे मानता येत नाहीत, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि ते कसे झाले हे एका शेताच्या निमित्ताने येथे मांडतो.

जागेची निवड एवढी महत्त्वाची का, हे यंत्राच्या मर्यादेवरून समजते. छंदासाठी वापरली जाणारी बरीचशी यंत्रे 5 ते 20 किलोहर्ट्झच्या आसपास चालतात. एका कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, वाटेत धातूचा तुकडा आला तर त्यात भोवरी प्रवाह, म्हणजे गोल गोल फिरणारे विद्युत् प्रवाह, निर्माण होतात, आणि त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र दुसरी कॉइल टिपते. परत आलेला संकेत मूळ संकेताच्या किती मागे पडला यावरून यंत्र लोखंड एकीकडे आणि तांबे, चांदी दुसरीकडे असा अंदाज बांधते. वस्तू जितकी खोल, तितका हा संकेत झपाट्याने विरत जातो. त्यामुळे साधे नाणे 20 ते 25 सेंटिमीटरच्या खाली गेलेले असेल तर बहुतेक जमिनींत त्याचा आवाजच येत नाही. शिवाय 28 सेंटिमीटर व्यासाची कॉइल घेऊन एक हेक्टर जमीन एकही पट्टा न सोडता तपासायची म्हटली, तर कॉइलला सुमारे 36 किलोमीटर अंतर कापावे लागते, आणि पट्टे एकमेकांवर थोडे चढवायचे असतात हे धरले तर त्याहूनही बरेच जास्त. एवढे कष्ट दिसेल त्या रानात घालता येत नाहीत. कोठे घालायचे हे घरी बसून ठरवावे लागते.

नकाशा उघडण्याआधी कायदा वाचावा लागतो, आणि तो देशागणिक बदलतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये जमीनमालकाची संमती असेल तर शोध घेता येतो; मात्र संरक्षित प्राचीन स्थळावर परवान्याशिवाय डिटेक्टर चालवणे हा 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि 1996 च्या ट्रेझर ॲक्टनुसार मौल्यवान ठेवा ठरू शकेल अशी वस्तू सापडली तर 14 दिवसांच्या आत कळवावे लागते. फ्रान्समध्ये 1989 च्या कायद्यापासून इतिहास, कला किंवा पुरातत्त्व यांच्या दृष्टीने मोलाच्या वस्तू शोधण्यासाठी डिटेक्टर वापरायचा तर सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि आयर्लंडमध्ये परवान्याशिवाय पुरावस्तू शोधण्यासाठी हे यंत्र वापरणेच बेकायदा आहे. अमेरिकेत संघराज्याच्या मालकीच्या जमिनीवरील शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंना 1979 च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. भारतात 1878 च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्टप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि 1958 च्या कायद्याखाली संरक्षित असलेल्या स्थळांना तर हात लावण्याचा प्रश्नच येत नाही. ज्याला हा छंद धरायचा आहे त्याने आपल्या भागाचा कायदा मूळ शब्दांत वाचावा; ‘सगळेच करतात’ हे उत्तर कोणत्याही अधिकाऱ्यापुढे चालत नाही, आणि चालूही नये.

कायदा वाचून झाल्यावर माझे पहिले काम म्हणजे नकाशावरच्या जागा खोडणे. संरक्षित स्मारके, नोंद झालेली पुरातत्त्वीय स्थळे, निसर्गसंवर्धनासाठी राखलेली क्षेत्रे, दफनभूमी आणि युद्धकाळातील न फुटलेली स्फोटके असण्याचा संभव असलेली मैदाने यांच्याभोवती मी लाल रेघ ओढतो आणि त्यांचा विचार सोडून देतो. बांधकामाचा भराव टाकलेल्या जागाही तेव्हाच गळतात, कारण तेथील माती दुसरीकडून आलेली असते आणि तिच्यात सापडलेली वस्तू त्या जागेविषयी काहीच सांगू शकत नाही. जे उरते त्याला मग एकच प्रश्न विचारायचा: येथे माणसे कशासाठी थांबत होती?

सरळ चालत असताना माणसाच्या अंगावरची वस्तू क्वचितच पडते. तो वाकतो, बसतो, घोड्यावरून उतरतो, कमरेची पिशवी सोडून पैसे मोजतो, पाण्यात उतरण्यासाठी कपडे वर खोचतो, कुंपण ओलांडतो, तेव्हा ती निसटते. म्हणून पूल होण्यापूर्वी लोक जेथून नदी ओलांडत तो उतार, दोन वाटा मिळतात तो तिठा, मोडलेल्या बाजाराचे मैदान, जुन्या विहिरीचा काठ, लांब चढ संपतो तेथले झाड, बंद पडलेल्या शाळेचे पटांगण आणि गुरांची ये-जा असलेले शेताचे फाटक ही ठिकाणे मी आधी पाहतो. मोठा वाडा किंवा किल्ला होता अशा जागांकडे नवख्यांचे लक्ष लगेच जाते. त्या जागा बहुधा संरक्षित असतात, आणि नसल्या तरी त्यांच्यावर पहिला हक्क पुरातत्त्वज्ञांचा आहे, असे मला वाटते. साध्या वाटेवर साध्या माणसांनी काय टाकले, हरवले, मोडले, याची नोंद फारसे कोणी ठेवलेली नसते, आणि छंद म्हणून हे काम करणाऱ्याला खरोखर काही भर घालता येते ती तेथेच.

ज्या शेताविषयी मला सांगायचे आहे ते अशाच एका वाटेने माझ्यासमोर आले. मोजणीच्या एका जुन्या नकाशात ठिपक्यांच्या रेघेने दाखवलेली एक पाऊलवाट वस्तीपासून निघून नदीपाशी येत होती, पाण्यात उतरून पलीकडे चढत होती आणि पुढच्या रस्त्याला मिळत होती. त्यानंतरच्या नकाशात खालच्या अंगाला पूल आला होता आणि वाट नाहीशी झाली होती. आजच्या उपग्रहचित्रात त्या जागी सलग शेत दिसत होते. दोन्ही चित्रे संगणकावर एकमेकांवर ठेवताना केवळ नदीवर भरवसा ठेवता येत नाही, कारण नदी पात्र बदलते; म्हणून हद्दीचे दगड, जुने प्रार्थनास्थळ आणि रस्त्याचे न बदललेले वळण असे पक्के बिंदू धरून नकाशा बसवला. मग त्या शेताची कोरड्या हंगामातली उपग्रहचित्रे काढून पाहिली. पाणी कमी पडले की जमिनीखालच्या दगडी पायावरचे पीक आधी पिवळे पडते, तर बुजलेल्या चरावरचे पीक ओल टिकल्यामुळे जास्त दिवस हिरवे राहते. अशा वेळी चौकोनी किंवा गोलाकार आकृत्या स्पष्ट दिसल्या, तर तेथे पुरलेली वास्तू असण्याचा संभव असतो. ती जागा मी सोडतो आणि पुरातत्त्व विभागाला कळवतो. या शेतात तसे काही दिसले नाही. हवेतून लेसरच्या साहाय्याने जमिनीचे उंचसखलपण मोजणाऱ्या लायडार पाहणीची चित्रे त्या भागासाठी उपलब्ध होती, आणि त्यांत मात्र नदीकडे उतरत जाणारी एक उथळ खोलगट पट्टी दिसली. शतकानुशतकांच्या पावलांनी आणि चाकांनी झिजलेली वाट नांगराखाली गेली, तरी तिचा आकार पूर्णपणे पुसला जात नाही.

शेवटचा दुवा एका वृद्ध गृहस्थांनी दिला. पूल होण्यापूर्वी आपले आजोबा गुरे कोठून पलीकडे नेत, हे त्यांनी लहानपणी ऐकले होते, आणि ती जागा नकाशातल्या जागेपेक्षा बरीच वरच्या अंगाला, काठावरच्या खडकापाशी असल्याचे त्यांनी काठीने दाखवले. तेथे उभे राहून पाहिल्यावर लायडारच्या चित्रातली खोलगट पट्टी नेमकी त्या खडकाकडेच वळते, हे ध्यानात आले. नकाशा, चित्र आणि आठवण ही तिन्ही एका ठिकाणी येतात, तेव्हा ती जागा धरावी.

जागा ठरली, तरी ती दुसऱ्याची होती. परवानगी मागायला जाताना मी यंत्र बरोबर नेत नाही. खांद्यावर डिटेक्टर घेऊन दारात उभा राहिलेला माणूस मालकाला आधीच निर्णय घेऊन आल्यासारखा वाटतो. पेरणी किंवा काढणीच्या घाईच्या दिवसांत, जेवणाच्या वेळी किंवा अंधार पडल्यावर जात नाही. बरोबर जुन्या नकाशाची प्रत, माझे नाव-पत्ता लिहिलेला कागद आणि पूर्वी सापडलेल्या साध्या वस्तूंची एक छोटी पेटी असते, जिच्यात बटणे, बैलाच्या किंवा घोड्याच्या नालेचे खिळे, शिशाच्या गोळ्या, मोडके अंगुस्तान असे काहीबाही ठेवलेले आहे. लोकांच्या मनात गुप्तधनाची कल्पना असते. ती पेटी पाहिली की बोलणे जमिनीवर येते.

शेतमालकांनी दारातच विचारले, “सोनं शोधायला आलात का?”

मी म्हणालो, “नाही. तुमच्या शेतातून पूर्वी एक वाट नदीकडे जात होती, असं या नकाशात दिसतंय. त्या वाटेवरून जाणाऱ्यांच्या हातून काय पडलं, ते पाहायचं आहे. जे सापडेल ते सगळं तुम्हाला दाखवीन, आणि काय ठेवायचं ते तुम्ही सांगाल.”

त्यांनी नकाशा हातात घेतला, आपले शेत शोधले, आणि बराच वेळ त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिले. त्या कोपऱ्यात नांगर नेहमी जड का जातो, हे आपल्याला आज कळले, असे ते म्हणाले. मग त्यांनी अटी सांगितल्या: पीक निघाल्यानंतर आणि पुढच्या पेरणीपूर्वीच यायचे, फाटक जसे असेल तसे ठेवायचे, म्हणजे उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद, दुसऱ्या कोणालाही बरोबर आणायचे नाही, आणि येण्याच्या आदल्या दिवशी कळवायचे. या अटी मी तेथेच एका कागदावर लिहिल्या, सापडलेल्या वस्तूंवर दोघांचा हक्क कसा असेल तेही लिहिले, आणि दोघांनी सह्या केल्या. वस्तूंच्या वाटणीचे बोलणे पहिल्याच दिवशी व्हावे, असा माझा आग्रह असतो. काही मोलाचे हाती आल्यावर सुरू झालेले बोलणे मैत्री मोडते. नकार देणारेही भेटतात. नकाराचे कारण विचारू नये, आभार मानून निघावे, आणि शेजारच्या शेतातून त्या जमिनीकडे कॉइल वळवू नये.

पीक निघाले, नांगरट झाली, कुळव फिरला आणि दोन पाऊस पडून जमीन बसली, तेव्हा मी कळवून गेलो. ही वाट पाहणे कामाचे असते. ताज्या नांगरटीत ढेकळांमुळे कॉइल जमिनीपासून उंच राहते आणि जेमतेम मिळणारी खोलीही हातची जाते. बसलेल्या, ओलसर जमिनीवर ती अगदी लगत फिरवता येते. प्रथम यंत्राला त्या मातीची सवय करून द्यावी लागते, म्हणजे मातीतल्या लोहखनिजांचा आवाज शून्यावर आणावा लागतो. बुटाच्या टोकातले पोलाद, खिशातला मोबाइल आणि हातातले खोरे कॉइलपासून दूर राहील याचीही काळजी घ्यावी लागते. 1881 मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी गोळी लागलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी असेच विद्युत्-उपकरण वापरले होते; ती सापडली नाही, आणि पलंगातल्या पोलादी तारांमुळे उपकरणाचा गोंधळ झाला असे सांगितले जाते. जवळचा धातू दूरच्या धातूला झाकतो, ही अडचण आजही तीच आहे.

काठ्या रोवून मी वाटेच्या दिशेला आडवे पट्टे आखले, म्हणजे प्रत्येक पट्टा वाट कापत जाईल. लोखंडाचा आवाज बंद करण्याची सोय यंत्रात असते. मी ती वापरत नाही. शेताच्या मोकळ्या भागात शांत असलेले यंत्र वाटेजवळ येताच लोखंडाची खरखर ऐकवू लागले, आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा शांत झाले. नालेचे खिळे, साखळीचे दुवे, चाकाच्या धावेचे तुकडे यांची ती पट्टी हीच वाटेची खूण होती, आणि आवाज बंद ठेवला असता तर ती कळली नसती. धातू कोणता असावा याच्या अंदाजासाठी यंत्र पडद्यावर आकडा दाखवते. ज्यांना केवळ ‘चांगले’ आकडे खणायचे असतात त्यांनाही एक गोष्ट सांगतो: पातळ सोन्याची अंगठी आणि ॲल्युमिनियमचा चुरगळलेला वर्ख यांचे आकडे पडद्यावर एकच येऊ शकतात. वर्ख, तारा, झाकणे असे जे निघते ते मी कमरेच्या पिशवीत टाकून घेऊन जातो. शेतात पुन्हा टाकलेला कचरा पुढच्या वेळी पुन्हा खणावा लागतो, ही एक बाजू झाली. मालकाला पहिल्या दिवसाच्या शेवटी तारेच्या तुकड्यांनी भरलेली पिशवी दाखवली तेव्हा गुरांच्या पोटात जाणारे एवढे लोखंड आपल्या शेतात होते याचे त्यांना फार वाटले, ही दुसरी.

खडकाच्या थोडे अलीकडे स्वच्छ, दोन्ही दिशांनी सारखा येणारा आवाज मिळाला. कॉइल आडवी आणि उभी फिरवून आवाज नेमका कोठे वाढतो ते पाहिले, खोऱ्याचे पाते त्या बिंदूपासून हातभर अंतरावर रोवले आणि मातीचा गोळा अखंड उचलून जाड कापडावर ठेवला. वस्तूवरच घाव पडू नये म्हणून एवढे अंतर सोडायचे असते. पिनपॉइंटर, म्हणजे अगदी जवळचा धातू दाखवणारे हातातले छोटे यंत्र, गोळ्याला लावला तेव्हा तो एका बाजूला कंप पावू लागला. बोटांनी माती सोडवत गेल्यावर पांढुरक्या कवचाची, आकाराच्या मानाने जड अशी शिशाची गोळी निघाली. तिच्या कडेवरून साच्याच्या दोन फाळ्यांची बारीक रेघ गेलेली होती, आणि एकही बाजू चपटी झालेली नव्हती, म्हणजे ती उडवली गेली नसावी, कोणाच्या तरी पिशवीतून पडली असावी. ती तशीच, मातीसकट, क्रमांक घातलेल्या पिशवीत गेली. जागेचे अक्षांश-रेखांश आणि खोली वहीत गेली. कापडावरची माती खड्ड्यात परत ओतून पायाने दाबली. जागेवर वस्तू घासायची नसते. नाण्यावरची हिरवट झाक बोटाने पुसताना मातीचे कण अक्षरांवरून ओरखडे काढतात, आणि ते नुकसान नंतर कशानेही भरून निघत नाही.

नांगरलेल्या शेतात खड्डा बुजवणे सोपे असते. गवताळ जागेत तेच काम काळजीने करावे लागते, आणि मालकाचा विश्वास टिकतो किंवा जातो तो याच ठिकाणी. गवतात मी तीन बाजूंनी चीर देतो आणि चौथी बाजू जोडलेली ठेवून हिरवळीचा तुकडा पुस्तकाच्या पानासारखा उलटतो. चीर खोल हवी, म्हणजे मुळे मातीसकट उचलली जातात. उथळ चिरलेली हिरवळ दोन दिवसांत पिवळी पडते आणि पटांगणावर चट्टे दिसू लागतात. माती सगळी कापडावर ठेवायची, वस्तू काढल्यावर खड्ड्यात पिनपॉइंटर पुन्हा फिरवायचा, माती भरून तुकडा मिटवायचा आणि चारी बाजूंनी घट्ट दाबायचा. उन्हाने जमीन तडकलेली असेल तर गवतात खणूच नये, कारण कितीही नीट मिटवले तरी ते गवत जगत नाही. झाडाच्या मुळाशी आवाज आला तर तो तेथेच राहू द्यावा.

समुद्रकिनाऱ्यालाही हीच विचारपद्धत लागू पडते, फक्त तेथे नकाशाची जागा भरती-ओहोटी घेते. मोठ्या वादळाने वाळू वाहून गेली की खालचा कठीण थर उघडा पडतो, आणि जेथे गोटे, शिशाची वजने आणि जड शिंपले एकत्र साचलेले दिसतात तेथेच नाणीही साचतात, कारण पाणी सारख्या वजनाच्या वस्तू एकाच ठिकाणी नेऊन टाकते. ओल्या खाऱ्या वाळूतून वीज वाहत असल्याने एकाच कंप्रतेची यंत्रे तेथे बडबडू लागतात. त्यासाठी एकाच वेळी अनेक कंप्रतांवर चालणारी किंवा पल्स इंडक्शन पद्धतीची, म्हणजे सलग संकेताऐवजी तुटक स्पंद पाठवणारी, यंत्रे बरी. किनाऱ्यावर सापडलेली अंगठी बहुधा जिवंत माणसाची असते, आणि तिच्या आतल्या बाजूला कोरलेली अक्षरे पाहून मालकाचा शोध घेणे हे आपले कर्तव्य आहे.

पुन्हा त्या शेताकडे येतो, कारण सर्वांत महत्त्वाचा दिवस अजून सांगायचा आहे. उतारापासून थोड्या अंतरावर एकाच ठिकाणी दोन नाणी निघाली, आणि पिनपॉइंटर अजूनही खड्ड्याच्या तळाशी, नांगराचा फाळ पोहोचतो त्या थराच्या खाली, कंप पावत होता. तळाशी मातीचा रंग वेगळा होता आणि एका बाजूला खापराची कड दिसत होती. नांगरलेल्या थरातली वस्तू आधीच आपल्या जागेवरून हललेली असते. त्याखालची हललेली नसते. त्यामुळे तेथे थांबायचे, एवढेच आपले काम उरते. मी हात काढून घेतला, खड्ड्याचे फोटो काढले, कापड अंथरून वर माती सारली, शेतमालकांना बोलावून दाखवले, आणि त्यांच्यासमोरच पुरातत्त्व विभागाला दूरध्वनी केला.

असे थांबण्याने काय मिळते, याचे उत्तम उदाहरण 1992 मध्ये इंग्लंडमधील हॉक्सन येथे घडले. एरिक लॉज हे गृहस्थ मित्राची शेतात हरवलेली हातोडी शोधत होते, आणि त्यांना रोमन काळातील सोन्या-चांदीचा मोठा ठेवा लागला. काही वस्तू वर काढल्यावर त्यांनी खणणे थांबवले आणि कळवले. पुरातत्त्वज्ञांनी उरलेला ठेवा जागेवरच उघडल्यामुळे सुमारे 15,000 नाणी आणि इतर वस्तू लाकडी पेटीत कशा रचून ठेवल्या होत्या हे कळू शकले; पेटीचे लाकूड कुजून गेले होते, तरी रचना टिकली होती. हातोडीही सापडली, आणि तीही ब्रिटिश म्युझियमने जपून ठेवली आहे. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर 1983 मध्ये वणवा लागून गवत जळून गेले, त्यानंतर 1984 मध्ये पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टर चालवणाऱ्या स्वयंसेवकांना बरोबर घेऊन तेथे शोध घेतला. प्रत्येक गोळीची आणि काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीची जागा मोजून नोंदली गेली, आणि पुंगळ्यांवर उमटलेल्या खुणा जुळवून एकेक बंदूक 1876 च्या त्या लढाईत कोठून कोठे सरकत गेली हे दाखवता आले. त्या पुंगळ्यांना पेटीत भरून ठेवले असते तर त्या केवळ जुन्या पुंगळ्या राहिल्या असत्या. जागेची नोंद वस्तूइतकीच, कित्येकदा तिच्याहून अधिक, मोलाची असते, हे मला याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही.

आमच्या शेतात विभागाची माणसे आली, त्यांनी दोन चौरस मीटरचा भाग थरांप्रमाणे उघडला आणि एका फुटक्या भांड्याच्या बुडाशी चिकटलेली मोजकी तांब्याची नाणी त्यांना मिळाली. किमतीने ती फारशी मोठी नव्हती. पण भांडे वाटेच्या काठापासून किती अंतरावर आणि कोणत्या थरात पुरले होते, हे कळले, आणि माझ्या वहीतल्या गोळ्या, बटणे, खिळे यांच्या नोंदी त्यांनी आपल्या आराखड्यावर उतरवून घेतल्या. उताराची जागा आता त्यांच्या दप्तरी नोंदलेली आहे. भांडे सापडले तो कोपरा मी माझ्या नकाशावर लाल केला आणि त्यानंतर तेथे यंत्र नेलेले नाही.

या काळात दुसऱ्या छांदिष्टांची विचारणाही होऊ लागली. जागा कोठे आहे, हे मी कोणालाही सांगितले नाही, कारण ती माहिती माझ्याइतकीच शेतमालकांची होती. इंग्लंडमधील वॉनबरो येथील रोमन काळातल्या देवळाची जागा 1980 च्या दशकात बाहेर फुटली आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या टोळ्यांनी हजारो नाणी लुटून नेली. त्या लुटीने हादरलेल्या लोकांच्या प्रयत्नांतूनच पुढे तेथला 1996 चा कायदा घडला. रात्री चोरून खणणारे आणि आपण यांत फरक आहे, हे जगाला आपल्या वागण्यातूनच दिसायचे आहे. म्हणून छायाचित्र देताना मागची झाडे, टेकडी, इमारत दिसू देऊ नये. एकाच मैदानावर अनेक जण असतील तर दुसऱ्याच्या पट्ट्यात शिरू नये, दोन यंत्रे जवळ आली की एकमेकांत खरखर करतात म्हणून पुरेसे अंतर ठेवावे, आणि दुसरा खणत असेल तेव्हा त्याच्या खड्ड्यावर जाऊन उभे राहू नये. हेडफोन लावावेत; आपल्या यंत्राचा आवाज फिरायला आलेल्या लोकांनी का ऐकावा? कोणी येऊन काय करता असे विचारले तर हेडफोन काढून नीट उत्तर द्यावे. बॉम्बगोळ्यासारखी वस्तू दिसली तर ती न हलवता दूर जाऊन पोलिसांना कळवावे, यात तर दुमत असूच शकत नाही.

हंगाम संपताना मी शेतमालकांना सर्व वस्तूंची यादी, छायाचित्रे आणि वाटेचा नकाशा एका चौकटीत बसवून दिला. त्यांनी तो बैठकीत लावला. त्यांच्याकडे येणाऱ्या एका शेजाऱ्यांनी तो पाहिला आणि आपल्या कुरणात पूर्वी गुरांचा बाजार भरत असे, असे त्यांना सांगितले. निरोप माझ्यापर्यंत आला तो असा. परवानगी मागण्यासाठी मला या वेळी दार ठोठवावे लागले नाही. कुरणाच्या एका अंगाला नोंदलेले प्राचीन दगड आहेत, तो पट्टा मी नकाशावर आधीच वगळला असून त्याची प्रत त्या शेजाऱ्यांना दिली आहे. त्यांची अट एवढीच आहे की गाभण गाई तेथून हलवल्याशिवाय आणि पहिला चांगला पाऊस पडून गवताची मुळे धरल्याशिवाय खोरे लावायचे नाही. तोपर्यंत त्या बाजाराविषयी गावातल्या वृद्धांना काय आठवते, ते मी लिहून घेत आहे.